जिवंत सोडलेलं प्यादं

'वामन मास्तर अंबडला हरले,' असं जालन्यात अजूनही कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हरले म्हणे! मी तिथं होते, या डोळ्यांनी पाहिलं. मास्तर म्हणजे माझे यजमान. बायको म्हणून त्यांची बाजू घेते असं कुणी समजू नये. भाजीत मीठ कमी पडलं तरी हा माणूस मुकाट जेवतो, आणि त्यावरूनसुद्धा मी त्यांच्याशी भांडते. पण पटावर त्यांना हरवील असा त्या काळी आमच्या गावात कुणी नव्हता.

जालन्यातच मस्तगडला काकासाहेब वकिलांच्या माडीवर बुद्धिबळ मंडळ भरायचं. काकासाहेबांच्या डोक्यात एक किडा होता. बसून बसून खेळणाऱ्यांची पोटं सुटतात, म्हणून बुद्धिबळाला प्रवासाची आणि व्यायामाची जोड हवी. त्यांचं स्वतःचं पोट सदऱ्यात मावत नव्हतं, ते सोडा. एका वर्षी त्यांनी परभणीच्या गाडीत सामने लावले. प्रत्येक स्टेशनाला एक चाल, आणि गाडी हलायच्या आत खेळला नाही तर ती बुडाली. दुसऱ्या वर्षी हुतूतू. चाल सुचेपर्यंत तोंडानं 'हुतूतू' चालू ठेवायचं, दम तुटला की पाळी गेली. बद्रीनाथ सराफ घेरी येऊन पटावरच आडवे झाले, तर त्यांना उपरण्यानं वारा घालत काकासाहेब काय म्हणाले? "बघा, दमच न्हाई!" गाव हसलं, मीही हसले.

छप्पन साली मात्र हसू पळालं. हैदराबादच्या एका क्लबानं राज्यातल्या गावागावांतून एकेक खेळाडू बोलावला. हैदराबाद राज्य मोडायचं, मराठवाडा मुंबईकडं जायचा, हे तोवर ठरल्यासारखंच होतं. म्हणजे हैदराबादला जालन्याचा खेळाडू म्हणून बसायची ही शेवटचीच वेळ. तिथल्या उस्तादांच्या गोष्टी यजमानांनी लहानपणापासून ऐकलेल्या. एकदा त्यांच्यासमोर बसायचं, एवढी एकच हाव या माणसाला होती. कधी नवं धोतर मागितलं नाही, पण त्या दिवसांत झोपेत चाली पुटपुटायचे.

मंडळानं सरळ त्यांचं नाव धाडायचं, की नाही? पण काकासाहेबांचा पुतण्या भालचंद्र पुण्याहून शिकून आला होता. खेळायचा बरा, बोलायचा फार. मग दोघांतली निवड सायकलींवर करायची ठरली. मस्तगडवरून निघायचं, वाटेत गोलापांगरीला आणि पुढं एका विहिरीवर थांबून डाव खेळायचा, आणि तोच डाव अंबडला मत्स्योदरी देवीच्या पायथ्याशी संपवायचा. जो मागून पोचेल त्याचा उशीर त्याच्या विचाराच्या वेळेतून कापायचा. डाव बरोबरीत सुटला तर ज्याची वेळ जास्त उरली तो हैदराबादला. भालचंद्रची सायकल कोरी करकरीत, आमची भाड्याची. सोंगट्यांच्या बुडाला खिळे आणि पटाला भोकं, म्हणजे जीपमधून नेताना मांडणी हलू नये. जीपमध्ये अर्थात काकासाहेब. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

निघताना यजमानांनी सगळ्यांदेखत विचारलं, "खेळ कोणत्या पद्धतीचा?"

"हे काय विचारणं झालं, मास्तर? आपलाच खेळ, बापजाद्यांचा," काकासाहेब म्हणाले. भालचंद्रनं मान डोलावली.

आपला खेळ कसा ते सांगते, कारण सगळं भांडण त्यातच आहे. आपल्या खेळात शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं पार शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्या सोंगटीचं, तीच सोंगटी होतं; घोड्याच्या घरी घोडा, उंटाच्या घरी उंट. आणि समोरच्याचा नुसता राजा उरला तर ती बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. एकट्याला घेरून मारण्यात कसली मर्दुमकी, असं जुने लोक मानत. म्हणून जिंकणारा समोरच्याचं एक प्यादं मुद्दाम जिवंत सोडतो आणि मग मात करतो. ती रीतच आहे. पुण्याकडं विलायती खेळ चालतो. त्यात उडी नाही, बुर्जी नाही, आणि प्यादं कुठल्याही घरी पोचलं तरी थेट वजीर होतं.

मी दशम्या आणि चटणी बांधून जीपमध्ये मागं बसले होते. गोलापांगरीला भालचंद्र केव्हाचा लिंबाखाली लवंडला होता. यजमान आले ते चेन दोनदा पडून, हात कोपरापर्यंत काळे. तसेच बसले आणि अशी काही बाजी लावली की भालचंद्रच्या राजाची गाळण उडाली. शह बसणार एवढ्यात त्यानं राजा उचलला आणि घोड्याची उडी मारून पार पलीकडं नेऊन ठेवला. "आपली पद्धत, मास्तर!" म्हणून हसलासुद्धा. यजमान म्हणाले, "बराबर हाय." तिथं डाव त्याच्या हातून जायचा तो वाचला.

विहिरीवरही आम्ही मागेच. अंबडला देवीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा यजमानांच्या पायांत गोळे आले होते आणि वेळ थोडीच उरली होती. पण पटावर भालचंद्रजवळ राहिला होता राजा आणि घोड्याच्या रांगेतलं एक प्यादं. आमच्याकडं हत्ती आणि घोडा. ते प्यादं हत्तीच्या तोंडासमोर होतं, हात लांबवला की मेलं असतं. पण मारलं तर बुर्जी, आणि बुर्जी झाली तर वेळेच्या हिशेबानं हैदराबाद भालचंद्रला. यजमानांनी प्यादं सोडलं आणि राजाला कोपऱ्यात रेटायला घेतलं. भालचंद्र प्यादं पुढं सरकवत राहिला. आम्हाला त्याची काय भीती? पोचून पोचून त्याचा घोडाच होणार होता.

प्यादं पोचलं. भालचंद्रनं ते उचललं आणि त्याच्या जागी वजीर ठेवला. "शह!"

पुढच्या शहाला हत्ती गेला. मग काय राहिलं?

"हा वजीर कसा काय?" यजमानांनी विचारलं. अजून त्यांना वाटत होतं, पोराची चूक झाली.

काकासाहेबांनी पान थुंकलं. "आसं हाय मास्तर, जो हैदराबादला जाणार त्याला हैदराबादचेच नियम. तिथं आता विलायती चालतं. मंग इथं आपलं चालवून कसं जमंल?"

"मंग सकाळी का न्हाई सांगितलं?" मी ओरडले. "गोलापांगरीला याचा राजा उडी मारून पळाला, ती उडी कोणत्या विलायतेतली होती?"

"वहिनी, हा मंडळाचा मामला हाय. बायकांनी मधी पडायचं न्हाई."

"मामला मंडळाचा न्हाई, तुमच्या पुतण्याचा हाय!"

भोवती माणसं जमली. सगळ्यांना कळत होतं, पण वकिलाशी वाकडं कोण घेणार? बद्रीनाथ सराफ चपलांतले खडे काढत बसले. आणि माझे यजमान! ते भालचंद्रच्या हातात हात देऊन आले. मला म्हणाले, "उमा, गप ऱ्हा." त्या क्षणी मला काकासाहेबांपेक्षा यांचाच जास्त राग आला. देवीसमोर सांगते, ती चटणी यांच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटली.

निकाल सांगून झाला, पेढे वाटून झाले. मग काकासाहेबांनी यजमानांच्या खांद्यावर हात टाकला. "मास्तर, दिल छोटा करू नका. हा पोरगा कच्चा हाय, हे काय मला कळत न्हाई? महिनाभर त्याला तयार करा. संगं हैदराबादला चला, सगळा खर्चा मंडळाचा. बाजूला बसून बघायला तरी मिळंल."

मी यजमानांकडं पाहिलं. हा माणूस हो म्हणणार अशी माझी खात्री होती. हैदराबाद म्हटल्यावर त्यांचे डोळे लहान पोरासारखे झाले होते. ते पटाकडं वळले.

"काय शिकवू त्याला, काकासाहेब? त्यानं तर मला हरवलं."

"तसं न्हाई हो. तुमचा खेळ, तुमचा अनुभव..."

"मी हरलो आसंल तर माझ्याजवळ शिकवायला काय हाय? आन् शिकवण्याजोगं काही आसंल, तर मी हरलो कसा?"

आवाज चढवला नाही. भालचंद्रनं हातातला पेढा खाली ठेवला. पण निकाल बदला असं म्हणायला कुणाचीही जीभ उचलली नाही. यजमानांनी हात जोडले आणि सायकलीकडं गेले.

मला जीपमध्ये बसा म्हणून पुष्पाबाई, काकासाहेबांच्या घरच्या, दोनदा बोलावायला आल्या. मी सांगितलं, त्या जीपमध्ये माझं प्रेतसुद्धा बसणार नाही. मग अंबडच्या भर बाजारातून मास्तरांची बायको सायकलीच्या मागच्या कॅरियरवर बसून निघाली. लोक बघत राहिले. बघू देत.

गाव मागं पडल्यावर ते एवढंच म्हणाले, "हैदराबाद राह्यलंच, उमा." मी पाठीला डोकं टेकवलं आणि रडले. रागानं रडले, उगाच दुसरं काही कुणी समजू नये.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की सायकल वाऱ्यासारखी चालली आहे. त्याच पडणाऱ्या चेनची, त्याच पायांची, आणि वर मी बसलेली. खड्डे आले तरी थांबेनात. जीप मागून येत होती ती धुरळ्यात मागंच राहिली. मी त्यांचा सदरा घट्ट धरला आणि ओरडले, "अहो, सकाळपासून आशी का न्हाई चालवली? प्रत्येक ठिकाणी मागं राह्यलात!"

"सकाळी राग न्हवता आल्ता," ते म्हणाले, आणि आणखी जोरात पायडल मारू लागले.