डावखुरी गोगलगाय

"मॅडम, ही गोगलगाय कुणाची?"

मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. पैज मैत्रिणींच्या चौकडीने लावली होती. चित्राखाली स्रोत नसला की जीवशास्त्राच्या मॅडम गुण कापायच्या. तर त्यांनाच, त्यांच्याच स्लाइडवरच्या चित्राचा स्रोत विचारायचा! असल्या कामाला भिंगरीशिवाय कोण उभं राहणार? गेल्या वर्षी हजेरी देतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, तीच ही. नाटकात एकदा टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून पोरगी गप्प बसायचं नाव घेईना.

मॅडमनी पडद्याकडे वळून पाहिलं. भुवया वर गेल्या, खाली आल्या.

"पकडलंस गं. इंटरनेटवरून घेतलीय."

"पण मॅडम, आम्ही 'इंटरनेट' लिहिलं की तुम्हीच विचारता ना, भाजी कुठून आणली तर 'पिशवीतून' म्हणून सांगाल का?"

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या. "मग आता तूच शोध, पिशवीत कुठून आली ते. तुझ्या पोस्टरवरही हीच बया बसलीय ना?"

भिंगरीचं हसू जागच्या जागी थांबलं. बसली होती खरी! शाळेतून एकच पोस्टर मोठ्या प्रदर्शनासाठी निवडलं होतं, ते तिचं. आईने स्वतःच्या छापखान्यात हौसेने छापलेलं. वर झोकात शीर्षक, 'डावखुरी गोगलगाय'. बहुतेक गोगलगाईंच्या शंखाचं वेटोळं उजवीकडे वळतं, एखादीचंच डावीकडे. ही ती दुर्मिळ एखादी, म्हणून तर परीक्षक भुलले. आणि चित्राखाली भिंगरीने ऐटीत लिहिलं होतं, 'स्रोत: मॅडमची स्लाइड'.

शाळा सुटल्यावर दोघी संगणकासमोर बसल्या. स्लाइडवरचं चित्र एका ब्लॉगवरचं निघालं, ब्लॉगने ते मुलांच्या मासिकातून उचललेलं, मासिकाने आणखी कुठून तरी. चोरावर मोर! शेवटी सापडलं फोटो काढणाऱ्या बाईंचं स्वतःचं पान. तिथे अख्खा फोटो होता. गोगलगाय कुंडीच्या काठावर बसलेली, पण तोंड दुसऱ्याच दिशेला.

"ही उलटी कशी?" भिंगरी पुटपुटली.

"कुंडीवरची अक्षरं वाच," मॅडम म्हणाल्या.

अक्षरं सरळ होती. म्हणजे उलटं होतं ते स्लाइडवरचंच चित्र. गोगलगाईचं तोंड मजकुराकडे यावं म्हणून कुणीतरी फोटो आरशासारखा फिरवला असणार आणि खालची कुंडी कापून टाकली असणार. झालं! साधीसुधी उजवी गोगलगाय डावखुरी झाली.

"म्हणजे माझं शीर्षकच खोटं!" भिंगरी म्हणाली.

"चूक माझ्यापासून सुरू झाली, तसं मी परीक्षकांना सांगेन," मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "पोस्टरचं काय करायचं, ते मात्र तुझं तू ठरव."

फाटकापाशी चौकडी ताटकळत होती. सगळं ऐकून एक म्हणाली, "अगं, गप्प बस ना! शंखाचं वेटोळं मोजत कोण बसतंय?"

"मी बसतेय ना आता," भिंगरी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिलाच गंमत वाटली. सगळ्या वर्गासमोर मॅडमना विचारायचं आणि आपली वेळ आली की तोंडावर बोट? छे! शिवाय फोटो काढणाऱ्या बाईंनी पानावर लिहिलंच होतं, नाव द्या आणि खुशाल वापरा. इतकं सोपं होतं की! घर येईपर्यंत तिच्या पावलांना पुन्हा चाकं लागली होती.

घरात बाबा चष्मा पुसत होते. आई पोस्टरची गुंडाळी कागदात बांधत होती.

"थांब आई, बांधू नकोस! दोघंही ऐका."

"आता काय नवीन?" बाबांनी चष्मा चढवला. "बक्षीस मिळायच्या आधीच भाषण?"

"हो, भाषणच!" भिंगरी खुर्चीवर चढली. "मी ठरवलंय. ही गोगलगाय डावखुरी नाही, आणि ते मी स्वतःच सगळ्यांना सांगणार. फिरवलेल्या चित्राशेजारी मूळ फोटो लावायचा, त्याखाली काढणाऱ्या बाईंचं नाव, साल, पानाचा पत्ता, सगळं. आई, नवीन शीर्षक छापून दे: 'गोगलगाय डावखुरी कशी झाली?' बक्षीस गेलं तर गेलं. पण मी त्या पोस्टरशेजारी उभी राहणार, आणि अगदी ताठ उभी राहणार!"