मला खिळ्यावरून उतरवा

मित्रांनो, मी एक जुने सुकाणू आहे. मुक्काम गव्हर्नरसाहेबांच्या दिवाणखान्यात, भिंतीवर, फुलदाणीच्या बरोबर वर. खिडकीतून नदी दिसते. आज जरा जास्तच दिसते, कारण ती बागेत आली आहे.

नावाड्याच्या बापाने मला एका अखंड फळीतून घडवले. बापानंतर लेकाच्या मुठीत आले. लग्नाची मंडळी, बकऱ्या, बाळंतिणी, सगळ्यांना पैलतीरी नेले. कौतुक मात्र वल्ह्यांचे झाले. त्यांचा आवाज होतो ना! पुढे पूल झाला, नाव किनाऱ्यावर उलथी पडली आणि मला इथे शोभेला आणले.

साहेब प्रत्येक पाहुण्याला माझ्यापुढे उभे करून सांगतात, "गव्हर्नर शब्द कुठला, माहीत आहे? जुन्या ग्रीकमधल्या सुकाणू धरणाऱ्याचा! तिथून लॅटिन, मग फ्रेंच, मग इंग्रजी. म्हणजे मी मुळात नावाडीच!" पाहुणे हसतात. साहेबांची माणसे मला नेमाने तेल लावतात. पाण्याचा थेंब लागू देत नाहीत.

आज सकाळी पूल वाहून गेला. खरा नावाडी, मला घडवणाऱ्याचा तोच लेक, चिखलाने माखून समोर उभा आहे.

"साहेब, पलीकडे लेक माझी छपरावर बसलीय. पोटुशी आहे हो! नाव आहे, वल्ही आहेत, पण या ओढीत सुकाणूशिवाय नाव भोवऱ्यासारखी फिरेल. तेवढं उतरवून द्या."

"अरे, तुम्हीच का ते! या, या. गव्हर्नर हा शब्द, बरं का..."

"शब्द तुम्हाला ठेवा. मला लाकूड द्या!"

सचिव खाकरले. "काका, ही आता ऐतिहासिक वस्तू आहे. भिजली म्हणजे?"

साहेब मनापासून हळहळले. त्यांनी ऐतिहासिक वस्तूंच्या समितीची तातडीची बैठक बोलावली. समितीचे निम्मे सदस्य पलीकडच्या तीरावर राहतात.

खिडकीतून ते छप्पर दिसते. मघाच्या निम्मे उरले आहे. नावाडी गालिचा तुडवत माझ्याखाली आला आहे, टाचा उंचावतो आहे. हात पोचत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी हात जोडते, मला जपू नका! वापरा, भिजवा, मोडलेच तर मोडू द्या. कुणी उंच असेल तर धावा. कुणीच नाही?

खिळा जुना आहे. मघापासून मी अंग हलवून तो सैल करते आहे. फुलदाणी, मला माफ कर.

पोरा, हात पुढे धर.