पडद्यावर मी नव्हतो

मित्रांनो, माझ्याशी हात मिळवायला येऊ नका. मी एकदा धरलं की सोडत नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी एक जुना शेगडा आहे, काम होईतो लोखंड घट्ट धरून ठेवणारा. हल्ली कारखान्यात सगळे मला वाइस म्हणतात. म्हणोत बापडे. दोन जबडे, मधे एक जाड स्क्रू आणि तो फिरवायला एक दांडा, एवढाच माझा संसार. दांडा आवळला की जबड्यांत जे असेल ते जागचं हलत नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं आणि थंड झाल्यावर मी बाहेर आलो तो पार ओबडधोबड. मग मला तासलं, कडक पोलादाचे जबडे लावले, ते इतके सपाट घासले की दोन्ही मिटल्यावर मधून उजेडसुद्धा जाईना. पहिली बरीच वर्षं मी हाताने चाकं फिरवायच्या यंत्रावर होतो. पुढे काचेच्या दारांचं, संगणकावर चालणारं यंत्र आलं आणि मला उचलून त्याच्या पोटात बसवलं. पाहुणे येतात, काचेतून त्या यंत्राचे फोटो काढतात. माझा फोटो कुणी काढत नाही. न हलणं हे असं काम आहे, की चांगलं केलं तर कुणाला दिसतच नाही.

असंच न दिसणारं काम आमच्या कारखान्यात आणखी एक जण करायची. लोखंड कापलं की कडांना बारीक, धारदार काटे राहतात. ते कानशीने घासून काढावे लागतात. अकरा वर्षं ते काम एकाच बाईने केलं, म्हणून तिचं नाव पडलं कानसमावशी. तुकडा हातात घेतला की ती आधी अंगठा फिरवायची आणि डोळे मिटून सांगायची, काटा कुठे आहे.

एक दिवस तिचं मनगट बोलायला लागलं. बोलता बोलता ओरडायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, कानस सोडा. आता कारखान्यात कानस सोडली तर मावशीला दुसरं काम काय? त्याच महिन्यात संगणकावर यंत्रातल्या फिरत्या कटरचे रस्ते आखणारे टायवाले साहेब मोठी नोकरी मिळाली म्हणून निघून गेले. कटरने कुठे उतरायचं, कुठे वळायचं, किती खोल जायचं, कुठून वर यायचं, हे सगळं आधी संगणकात आखावं लागतं, मित्रांनो. त्या रस्त्याला टूलपाथ म्हणतात. रस्ता नसेल तर ते लाखमोलाचं यंत्र नुसतं दिवे लावून उभं राहतं.

मावशी मालकीणबाईंकडे गेली. "बाई, ते रस्त्याचं काम मी शिकते."

मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, तुला मोबाइलवर साधा फोटो पाठवता येत नाही."

"येतो. दोनदा जातो, एवढंच."

मालकीणबाई हसल्या, पण त्यांनी हिशेबी अट घातली. चाकांच्या खुर्चीच्या ब्रेकचा तळहाताएवढा तुकडा बनवायचा होता. गिऱ्हाईक महिनाअखेरीला नमुना बघायला येणार. तोवर जमलं तर साहेबांची खुर्ची मावशीची. नाहीतर बाहेरून माणूस आणायचा, आणि मावशीने घरी बसून मनगट शेकायचं.

मावशी शिकू लागली. जेवणाच्या सुट्टीत एका हातात डबा, दुसऱ्या हातात माउस. व्हिडिओतला माणूस भराभरा बोलायचा, मावशी त्याला थांबवून म्हणायची, "दमानं घे रे बाबा, गाडी चुकत नाहीये तुझी." वहीत तिने आपल्या भाषेत सगळं लिहिलं. कटर फिरतो किती, तो त्याचा वेग. सरकतो किती, ती त्याची चाल. शून्य म्हणजे घराचा उंबरा, तिथूनच सगळं मोजायचं. पहिल्या प्रयत्नात तिने उंबराच भलत्या कोपऱ्यात ठेवला, आणि कटरने पंधरा मिनिटं नुसती हवा कापली. यंत्र चालवणारा लंबू पोट धरून हसला. "मावशी, हवा एकदम गुळगुळीत झाली बघ. कानस लागणार नाही."

"हस, हस. दात मोजून ठेवते तुझे."

दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर खरोखरीचा तुकडा दिसू लागला. कटरच्या रस्त्याच्या निळ्या रेषा त्याच्याभोवती सुरेख फेऱ्या घालत होत्या. मावशीने लंबूला बोलावून दाखवलं, मालकीणबाईंना दाखवलं. मग ॲल्युमिनियमचा ठोकळा माझ्या जबड्यांत बसला, मी घट्ट धरला, आणि काचेचं दार बंद झालं.

वरचा भाग उत्तम कापला. भोकं उत्तम पडली. मग कटर बाहेरच्या कडेने फिरू लागला. एकेक फेरी खाली, आणखी खाली, आणि मला कळलं की हा थांबणार नाही. ठोकळा बावीस मिलिमीटर उंच. त्यातले खालचे आठ माझ्या जबड्यांत. तुकडा हवा होता फक्त बारा जाडीचा. पण मावशीने कटरला सांगितलं होतं, थेट ठोकळ्याच्या तळापर्यंत जा. पडद्यावर तळ मोकळा होता. तिथे ठोकळा होता, कटर होता, निळ्या रेषा होत्या. मी नव्हतो. तिने मला चित्रात काढलंच नव्हतं.

कटर माझ्या जबड्यात घुसला. असा आवाज झाला की लंबूने दोन ढांगांत येऊन लाल बटण दाबलं. कटरचे तीन तुकडे झाले आणि माझ्या जबड्यावर अर्ध्या नखाएवढी खाच पडली. सांगायला अभिमान वाटतो, ठोकळा मात्र मी सोडला नाही.

लंबू या वेळी हसला नाही. मालकीणबाई आल्या, तुटका कटर तळहातावर घेऊन बघत राहिल्या. "परवा गिऱ्हाईक येतंय," एवढंच म्हणाल्या. "उद्याचा दिवस तुझा. मग मी फोन करते त्या बाहेरच्या माणसाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने संगणकाला हातच लावला नाही. ती यंत्राचं दार उघडून माझ्याजवळ आली, फडक्याने माझ्यावरचा भुगा पुसला आणि खाचेवरून अंगठा फिरवला. "चुकलंच बाबा," ती हळूच म्हणाली. मग तिने माझी मापं घेतली. लांबी, रुंदी, जबड्यांची उंची, दांडा किती बाहेर येतो तेसुद्धा. इतक्या वर्षांत कुणी माझी अशी विचारपूस केली नव्हती. तासाभराने मी पडद्यावर होतो. करड्या रंगाचा, पण रुबाबदार.

आता कटर माझ्या जवळ आला की पडदा लाल व्हायचा. मावशीने रस्ता बदलला. कटर बारा मिलिमीटरच्या जरासा खाली जाईल आणि माझ्या डोक्यावर दीड मिलिमीटरवर थांबेल. मग तुकडा उलटा धरून मागचा जास्तीचा थर काढायचा. लंबू म्हणाला, "झालं की! चालू कर."

"थांब जरा." मावशी डोळे मिटून हवेत अंगठा फिरवत होती. "कटर इथून बाहेर पडला तर काटा या कडेला येणार. तिथेच माणसाचा हात लागतो." तिने कटरची बाहेर पडायची जागा बदलली, आणि शेवटी तिरक्या धारेच्या कटरला सगळ्या कडांवरून एक हलका फेरा मारायला लावला. तो फेरा व्हिडिओतल्या माणसाने शिकवलेला नव्हता.

आधी नव्या ठोकळ्याच्या बरंच वर, हवेत सगळा रस्ता चालवून बघितला. मग खरा. लंबूचा हात सबंध वेळ लाल बटणावर होता. कटर खाली आला, फिरला, आणखी खाली आला, आणि माझ्या डोक्यावर, ठरल्या जागी, थांबला. मित्रांनो, त्या दीड मिलिमीटरात माझा जीव होता आणि तिची भाकरी.

गिऱ्हाईक आलं ते स्वतःच चाकांच्या खुर्चीत बसून. तुकडा हातात घेतला, मापं घेतली नाहीत, आधी कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "कानस कोणी मारली याला?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "मारायची गरजच राहिली नाही." आणि साहेबांची खुर्ची त्यांनी पायाने मावशीकडे ढकलली.

"बस गं. उभी काय राहतेस?"

आता मावशीच्या हाताखाली दोघी जणी रस्ते आखायला शिकतात. लंबू आता आपल्या यंत्राचा रस्ता घ्यायला वही घेऊन रांगेत उभा राहतो, आणि मावशी त्याला मुद्दाम थांबवते.

मित्रांनो, मी काही फार मागत नाही. काम संपलं की माझ्यावरचा भुगा झटका, आठवड्यातून एकदा स्क्रूला तेल द्या, दांड्यावर हातोडा मारू नका. आणि कुठलाही रस्ता आखायला बसाल, तेव्हा नुसतं काय कापायचं तेवढंच बघू नका. ते कोणी धरून ठेवलंय, तेही एकदा जवळ जाऊन, हात लावून बघा.