प्रयागबाईंचे बारा ग्रॅम

महाडात आमचं किराणा दुकान आहे आणि मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. बाबांच्या मते या दोहोंपैकी एकच गोष्ट पोट भरते.

शिवथरच्या प्रयागबाईंचा बचत गट आमच्याकडे नाचणीचं पीठ देतो. पाकिटावर छापलेलं असतं, पाचशे ग्रॅम. शेजारच्या आळीतल्या सरोजवहिनींनी एका पाकिटातलं पीठ घरी तोललं, ते भरलं चारशे अठ्ठ्याऐंशी. संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला ठाऊक. बाबा भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "उद्यापासून यांचा माल बंद."

"शितावरून भाताची परीक्षा होते बाबा, पिठाची नाही," मी म्हटलं. "दहा पाकिटं तोलू, मग बोला."

निरोप मिळताच प्रयागबाई दहा पाकिटं घेऊन एसटीने आल्या. दहाच्या दहा पाचशेच्या वर भरली. मला शंका आली. "ही कशी घेतलीत?"

"भरलेली बघून निवडली. चार लोकांत दावायचं तर चांगलंच दावायचं ना म्याडम?"

मी कपाळावर हात मारला. त्यांचा चेहरा उतरला आणि मला माझीच लाज वाटली. दुसऱ्यापुढे निवडक तेच ठेवायचं, ही त्यांची रीत. न निवडता आणा, हे मीच सांगितलं नव्हतं.

रविवारी मी शिवथरला गेले. सगळ्या पाकिटांना नंबर दिले, चिठ्ठ्या केल्या, प्रयागबाईंनी डोळे मिटून दहा उचलल्या. सरासरी आली चारशे साडेअठ्ठ्याण्णव.

मी ओट्यावर बसून टी-चाचणी मांडली; तूट खरी की योगायोगाची, हे ती सांगते. पाकिटापाकिटात चार-पाच ग्रॅमचं कमीजास्त होतंच. त्या मानाने दहा पाकिटांच्या सरासरीत दीड ग्रॅमची तूट नुसत्या योगायोगानेही येते. टी आला उणे १.१२. उणे १.८३ च्या खाली गेला असता, तर पाकिटावरचं खोटं म्हणावं लागलं असतं.

"म्हंजे आमी खरं हाव?" प्रयागबाईंनी विचारलं.

"खोटं म्हणायला पुरावा नाही."

"येवढंच?"

एवढंच. त्या क्षणी मला माझ्या विषयाचा राग आला.

बाबांनी माल चालू ठेवला. चार दिवसांनी प्रयागबाई भर दुपारी दुकानात आल्या, हातात कागदाची पुडी. "त्या सरोजबाईंचं घर कुठं हाय?"

"आता कशाला? सरासरीत खोट निघाली नाही, तुमच्यावर काही आळ नाही," मी म्हटलं.

"सरासरी ऱ्हाऊ दे तुमची. त्या बाईच्या डब्यात तर कमीच गेलं ना?"

बाबांनी पुडी घेऊन तराजूवर ठेवली. चांगलं शंभर ग्रॅम पीठ होतं. "बाराच द्यायचे होते," ते म्हणाले.

"बारा कसं मोजून देनार? मूठभर घातलं."

बाबा धंद्याच्या वेळी गल्ला सोडत नाहीत. त्यांनी मला गल्ल्यावर बसवलं आणि चपला शोधल्या. "चला, घर दाखवतो. पेठेत मीही बोललो होतो."