साखरेवरची फळी

नोव्हेंबरच्या पहिल्या वादळानं सिल्व्हर्टनवर गुडघाभर बर्फ टाकला आणि अख्ख्या गावाचं डोकं फिरलं.

"ऊठ मार्ला! उन्हाळाभर वाट बघितली आणि आता कॉफी पीत बसतेस?" टोबिन खांद्यावर स्की घेऊन दारातच नाचत होता. नवरा माझा, चाळिशी उलटलेली, पण बर्फ दिसला की अंगात येतं.

धीर मलाही नव्हता. देवदारांतून चढताना दोघं उगाचच हसत होतो. झाडी संपल्यावर उत्तरेचा उतार लागला. त्यातल्या घळीतून सुसाट उतरायचं टोबिनचं स्वप्न. मी आधी फावड्यानं खड्डा खणला. वरचा थर वाऱ्यानं दाबून घट्ट झालेला. खाली ऑक्टोबरचा बर्फ, सावलीत पडून पडून दाणेदार झालेला. मूठ भरली तर बोटांतून गळून गेला.

"बघ, साखरेवर फळी ठेवलीय नुसती. घळ विसर. खालच्या सपाटीवरून जाऊ, अंतर ठेवून."

"तू बायको आहेस की सासू?" तो कुरकुरला, पण आला.

सपाटीवर मी पुढे, तो बराच मागे. मध्यावर पायाखाली 'धप्प' झालं, जमीनच बसल्यासारखं. बर्फाला भेग पडली, ती सरसर वर धावली आणि डोक्यावरचा सगळा उतार तडकला.

"टोबिन, पळ!"

मी झाडांत घुसले. मागे वळले तर पांढरा धुरळा. धुरळा खाली बसला, तेव्हा टोबिन नव्हता.

बर्फाखालच्या माणसाचा माग काढायला दोघांच्याही गळ्यात बीकन होतं; माझं शोधावर टाकलं आणि ढेकळांवरून धडपडत निघाले. टीं... टीं... मग टींटींटीं! पाठपिशवीतली लांब सळई काढून खुपसली, खडक लागला. हातभर बाजूला खुपसली, काहीतरी मऊ लागलं.

"आले रे! आलेच!" फावडं चालत होतं की मी, कळत नव्हतं. लाल हातमोजा. टोपी. निळे ओठ. तोंडातला बर्फ बोटांनी काढला आणि तो खोकला. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"मार्ला... एक स्की गेली गं."

"जाऊ दे मेली!"

"नवी होती."

मी त्याला एक चापट मारली आणि मिठीत घेतलं. हसत होतो, रडत होतो, हुडहुडी भरली होती.

लंगडत खाली आलो तर तीन पोरी स्की बांधून त्याच घळीकडे निघालेल्या. टोबिन हात पसरून वाटेत उभा राहिला.

"कुठे निघालात? मी आत्ता बर्फाच्या आतून बाहेर आलोय! सपाटीवर होतो, तरी वरून सगळा उतार सुटला!"

आणि असा काही रंगात येऊन सांगू लागला, की पोरींनी स्की सोडल्या, त्याला आपल्या गाडीत बसवलं आणि गरम सूप हातात दिलं. तो सूप पीत होता, सांगत होता; मी त्याचा दुसरा हात काही केल्या सोडत नव्हते.