तांबड्या टाकीचा कौल

देव कुणाच्या दारात कधी उगवेल याचा नेम नसतो. पण तो माझ्याच परड्यात आणि माझ्याच चहाच्या आड उगवावा, याचा राग मला अजून आहे.

साल चौऱ्याहत्तर. रॉकेलसाठी सांगलीभर रांगा, आणि रांगेत उभं राहून मिळालेलं रॉकेल कंदिलापुरतं. स्वयंपाक चुलीवर. ओलं सरपण आणि त्यापुढं फुंकणी घेऊन मी. पंधरा वर्षं फुंकून माझे डोळे इतके लाल झाले होते, की लग्नघरी गेले तरी बायका हळूच विचारायच्या, "कोण गेलं गं?" शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, एक तर धूर सोडा, नाहीतर डोळ्यांवर पाणी सोडा."

आमचे हे नुकतेच मिलिटरीतून पेन्शनवर आलेले. नाव कृष्णात; लिहिताना घेतलं तर चालतं म्हणतात. सॅपरच्या पलटणीत होते, त्यामुळं कुठं खड्डा खणायचा म्हटलं की त्यांना स्फुरण चढतं. त्यांनी डॉक्टरांचं बोलणं सावधानमध्ये उभं राहून ऐकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "शकुंतला, गोबरगॅस!"

आमच्या दोन म्हशी होत्या, परडं होतं. आठ दिवसांत ह्यांनी खड्डा खणला. विटांनी गोल बांधून घेतला, त्यात पाण्यात कालवलेलं शेण ओतलं आणि वर एक लोखंडी टाकी पालथी घातली. शेणातून गॅस निघाला की टाकी वर उचलते, गॅस वापरला की खाली बसते. टाकीच्या माथ्यावरून एक नळी निघते ती थेट माझ्या स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत. टाकीला गंज चढू नये म्हणून आधी तांबडा रंग दिला. वरून काळा द्यायचा होता, पण काळा रंग दुकानात संपला होता. पुढचं सगळं रामायण त्या संपलेल्या काळ्या रंगानं घडवलं.

पहिल्या दिवशी शेगडी पेटवली तेव्हा निळी ज्योत आली. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. मी पिठलं केलं आणि समोर बसून रडले. पंधरा वर्षांत धुराशिवाय रडायची ती पहिलीच वेळ. आठ दिवस मी त्या ज्योतीवर राज्य केलं.

आठव्या दिवशी दिवेलागणीला शेजारची धोंडुबाई गावाहून आली. ती दोन महिने माणात भावाकडं होती, त्यामुळं तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या परड्यात डोकावली. आदल्या संध्याकाळी मी भरपूर स्वयंपाक केल्यामुळं टाकी खड्ड्याच्या काठाशी टेकली होती, ती रात्रीतून गॅस भरून चांगली कमरेएवढी वर आली होती. तांबडीलाल, गोल, आणि काठाशी गुळगुळ आवाज.

"आगं बया!" धोंडुबाई ओरडली. "काल दिवं लावायच्या टायमाला बघितला तवा जमिनीसंगट हुता की गं! येका रातीत वर आला! सवयंभू हाय ह्यो!"

मी म्हटलं, "आवं, टाकी हाय ती. शेणाची."

"देव कशाचा बी आसतो," धोंडुबाई म्हणाली आणि तिनं नारळ फोडला.

इथवर मी हसत होते. तेवढ्यात माझ्या सासूबाई बाहेर आल्या. नाव अंबूबाई, वय सत्तर, मी त्यांना आत्याबाई म्हणते. गेले आठ दिवस त्या गप्प होत्या. जेवायला बसायच्या, दोन घास खायच्या, उठायच्या. मला वाटलं, गॅसवरचं अन्न त्यांना गोड लागत नसावं. त्यांनी टाकीकडं पाहिलं, धोंडुबाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आणि डोईवर पदर घेऊन टाकीला हात जोडले.

"आजपासनं शेगडी बंद," त्या म्हणाल्या. "देवाच्या श्वासावर काय वांगी शिजवायची व्हय?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. शत्रूसमोर छाती काढणारा हा गडी आईसमोर बूट बघत उभा होता. "हायकमांडची ऑर्डर हाय," ह्यांनी मला हळूच सांगितलं. दुपारी मी पुन्हा चुलीपुढं बसले. फुंकणी माझी वाटच बघत होती.

गुरुवारपर्यंत गल्ली लोटली. शुक्रवारी कौल सुरू झाले. आमच्या भागात देवाला कौल लावतात तो असा: ओलं फूल देवाच्या माथ्यावर ठेवायचं आणि प्रश्न विचारायचा. फूल देवाच्या उजवीकडं पडलं तर होकार, डावीकडं पडलं तर नकार. फूल ठेवायला टाकीला माथा होता, पण उजवी बाजू कुठली? ह्यावर अर्धा दिवस वाद झाला. शेवटी हरिबा गाडीवानानं निकाल दिला, की नळी निघते ते नाक, आणि नाक असेल तिकडं तोंड. देवाचं तोंड अशा रीतीनं माझ्या स्वयंपाकघराकडं झालं. तोंड इकडं करून तो माझी चूल धुरकटताना बघत बसायचा.

आत्याबाई खड्ड्याच्या काठावर, टाकीला अगदी लागून पाट टाकून बसायच्या. फूल त्याच ठेवायच्या. आणि देवाला काय चालतं, काय चालत नाही, हेही त्याच सांगायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की ह्या देवाला नारळ नको, पेढे नकोत. नैवेद्य फक्त शेणाचा. झालं! बायका सकाळी उठून पाटीभर शेण घेऊन रांगेत. रस्त्यावर म्हैस थांबली की तिच्यामागं तिघीजणी थांबायच्या. आठवड्यात आमची गल्ली इतकी स्वच्छ झाली, की झाडायला येणारा ज्ञानू आमच्या दारात येऊन म्हणाला, "वयनी, मी आता झाडू काय?"

प्रसाद म्हणून आत्याबाई खड्ड्यातून बाहेर पडणारं पातळ शेण लोटीभर द्यायच्या. "झाडाच्या बुडात वता," म्हणायच्या. गॅस निघून गेलेलं ते शेण म्हणजे नंबर एकचं खत, हे आमच्या ह्या मिलिटरीतल्या माणसानं मला आधीच समजावलं होतं. पण धोंडुबाईचा दोडका दोन आठवड्यांत हरिबाच्या घराच्या कौलांवर चढला तेव्हा गल्लीनं त्यात देव पाहिला. हरिबा तक्रार घेऊन आला नाही. दोडके त्याच्या बाजूला लागले होते.

कौलांचं तर विचारू नका. धोंडुबाईची सून बनुबाई पोटुशी होती, तिला माहेरी पाठवायला सासू तयार नव्हती. कौल लावला. फूल थरथरलं आणि उजवीकडं पडलं. बनुबाई त्याच दिवशी विट्याच्या गाडीत बसली. हरिबाला म्हातारा बैल कसायाला विकायचा होता. डावा! बैल गोठ्यात राहिला आणि शेण देऊ लागला. चार घरं सोडून राहणाऱ्या साळूबाईला शिवणाचं मशीन घ्यायचं होतं, नवरा नको म्हणत होता. उजवा! गल्लीतल्या प्रत्येक बाईचं गाऱ्हाणं देवानं ऐकलं. फक्त ज्या बाईच्या परड्यात तो बसला होता, तिचे डोळे त्याला दिसत नव्हते.

शिवाय ह्या देवापायी माझं धुणं वाढलं होतं. आत्याबाईंच्या लुगड्याला रोज गुडघ्यापाशी तांबडा डाग. रंग ओलसर टाकीवरून सुटायचा आणि दगडावर घासून घासून माझे हात सोलायचे. "जरा लांब बसा की," मी एकदा म्हटलं. "देवापासनं लांब?" त्या म्हणाल्या आणि मलाच पाप लागल्यासारखं झालं.

तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. एक, गॅस न वापरल्यामुळं टाकी इतकी वर आली, की काठानं बुडबुडे सुटू लागले आणि ह्यांची झोप उडाली. "टाकी हवेत ग्येली तर रिपोर्ट कुनाला करायचा?" हे म्हणायचे. दोन, एका सकाळी मला तांदळातले खडे दिसेनात. मी ताटावर वाकले, आणखी वाकले, तरी दिसेनात. मी घाबरले. खोटं कशाला बोलू, फार घाबरले. देव राहो नाहीतर जावो, मला माझी ज्योत परत हवी होती.

मी ह्यांना स्वयंपाकघरात घेतलं आणि डाव सांगितला. उद्या सगळ्यांसमोर मी स्वतः कौल लावणार: देवा, तुझ्या गॅसवर स्वयंपाक करू का? त्या वेळी तुम्ही इथं शेगडीपाशी उभं राहायचं. मी तीनदा खोकले की काडी ओढायची आणि चावी पूर्ण सोडायची. गॅस जळायला लागला की टाकी हलेल, खाली बसायला लागेल, आणि बसताना ती जरा उजवीकडं कलते, म्हणून फूल तिकडंच पडेल. तो हिशेब ह्यांचाच.

"तीन खोकले. चावी. समजलं?"

"येस," ह्यांनी टाच आपटली.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली परड्यात. आत्याबाई पाटावर. मी पदर पसरून उभी राहिले. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं नीट पाहिलं, झेंडूचं फूल लोटीत बुडवलं आणि टाकीच्या माथ्यावर ठेवलं.

"देवा," मी म्हटलं, "माझं डोळं जायला लागल्यात. तुझ्या गॅसवर सैपाक करू द्यायचा आसंल तर उजवा दे."

आणि मी खोकले. आता धुरात पंधरा वर्षं काढलेल्या बाईला खोकला सुरू करता येतो, थांबवता येत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. डोळ्यांतून पाणी आलं. फूल ढिम्म हललं नाही. टाकीही हलली नाही. मग एक बुडबुडा फुटला आणि फूल हळूच डावीकडं कललं.

"डावा!" धोंडुबाई पुटपुटली.

तेवढ्यात टाकी अंगाला शहारा आल्यासारखी हलली, फूल थबकलं, फिरलं, आणि सरळ घरंगळत उजवीकडं पडलं.

गल्लीनं जयजयकार केला. ज्ञानूनं तर झाडू उंचावला. मी धावत आत गेले. शेगडी थंड! हे काडेपेटी हातात धरून ताठ उभे.

"आवं, चावी का न्हाई सोडली?"

"तू पाच येळा खोकलीस," हे म्हणाले. "ऑर्डर तीनची हुती."

मी कपाळाला हात लावला. मग टाकी हलवली कुणी? क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. वाटलं, धोंडुबाईच खरी. मी परड्यात परत आले. गर्दी पांगली होती. आत्याबाई पाटावरून उठत होत्या, आणि त्यांच्या लुगड्याला गुडघ्यापाशी ताजा तांबडा डाग होता. टाकीवर बरोबर त्याच उंचीला, गुडघ्याएवढ्या जागेचा रंग घासून जाऊन लोखंड उघडं पडलं होतं. एका दिवसात एवढं झिजत नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुमी?"

त्या पुन्हा पाटावर बसल्या. "म्हशी राखण्यात जलम गेला माजा. शेण फसफसतं हे मला ठावं न्हाई व्हय? टाकीला गुडघा लावला की डुलती. बनीला म्हायेरी कोन धाडनार हुतं मग? सोताची सासू?"

"मग माझी शेगडी कशापायी बंद केली?" मी जवळजवळ ओरडलेच. "माझं डोळं दिसत नव्हतं तुमाला?"

त्या बोटानं तो तांबडा डाग खरवडत राहिल्या.

"चूल चाळीस वरसं माजी हुती," त्या म्हणाल्या. "मग तुजी झाली, तरी तू इचारायचीस. आत्याबाई, काय टाकू? मीठ किती? ही शेगडी आली तवा मला कुनी इचारलं का, की म्हातारे, कुटं मांडू, कशी पेटवू? आठ दिस तू तिच्यासंगट बोलत हुतीस, माज्यासंगट न्हाई. सगळी गल्ली येऊन मला इचारत हुती. तू तेवडी आली न्हाईस. आज आलीस, ती बी देवाला इचाराय."

खरं होतं. त्या आठ दिवसांत मी आत्याबाईंना एक शब्द विचारला नव्हता, आणि त्या दोन घास खाऊन उठायच्या ते अन्न गोड लागत नाही म्हणून, असं मीच ठरवून टाकलं होतं. मला लाज वाटली, आणि अशी वाटली की रागाला जागाच उरली नाही.

"मग उजवा का दिलात?" मी विचारलं.

"किती खोकलीस गं," त्या म्हणाल्या. "बगवंना."

त्या दिवसापासून शेगडी पुन्हा सुरू झाली. स्वयंपाकाच्या वेळी टाकी खाली बसायची, तेव्हा देव जेवायला बसला असं गल्ली म्हणायची आणि कुणी कौल लावायला यायचं नाही. काळा रंग पुढच्या महिन्यात दुकानात आला. ह्यांनी विचारलं, आणू का? आम्ही दोघी एकदमच नको म्हणालो. गल्लीत अजून तीन सुना होत्या.

पण मला आठवते ती कौलाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी शेगडीपुढं दोन पाट मांडले आणि आत्याबाईंना हाताला धरून आणलं. त्या माझ्या डाव्या बाजूला बसल्या.

"आत्याबाई, चहा टाकू का?" मी विचारलं.

समोर बघत त्यांनी फक्त आपला गुडघा माझ्या गुडघ्याला लावून ढोसलं, आणि मी उजवीकडं कलले. काडेपेटी तिकडंच होती.