तंबाखूची डोकेदुखी

आमची शेड पाण्यात खांब रोवून उभी केलेली. खाली होड्या बांधलेल्या, वर आम्ही बायका. मांडीवर सूप, सुपात चिंचेच्या पाण्यात आणि गुळात मुरवलेला तंबाखू, उजव्या हाताला पानांची चवड. हात चिरूट वळायचे आणि तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. वळलेल्या प्रत्येक जुडीतला एक चिरूट स्वतः पेटवून बघायचा, ही आमच्या इन्ले तळ्यावरची रीतच होती. धूर सरळ येतो का, पान फुटतं का, हे ओढल्याशिवाय कळणार कसं?

बारा वर्षांची झाले तेव्हा आईनं मला शेजारी बसवलं आणि माझ्याच हातचा पहिला चिरूट पेटवून दिला. मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हसून हसून आडवी झाली. आजही तो वास कुठून आला की माझे पाय आपोआप थांबतात. सगळं लहानपण त्या धुरात गेलं, आणि खोटं कशाला बोलू, फार सुखात गेलं.

को ल्विनशी लग्न झालं, वर्षभरात दिवस राहिले. तेव्हा गावात नवीन सुईण आली होती, टाउंजी शहरातली, माझ्याहून वयानं लहान. शिकलेली म्हणून आम्ही सगळे तिला सयामा म्हणायचो, म्हणजे बाई.

"ओढतेस?" तिनं विचारलं.

"जुडीमागे एक."

"दिवसाला किती जुड्या?"

मी खिडकीबाहेर बघत बसले.

"आजपासून बंद," ती म्हणाली. "आधी ओढलंस ते मला पुसता येत नाही. पुढचं तुझ्या हातात आहे."

मी त्याच दिवशी सोडला. सगळी शेड माझ्यावर हसली. जुड्यांतले चिरूट आता आईच पेटवून बघायची, तिचेही आणि माझेही. "दोघींचं एकटीच ओढतेय, म्हातारीची मजा आहे," समोर बसणारी मा पू म्हणायची. पहिले काही दिवस डोकं असं ठणकलं की को ल्विन न जेवताच टोमॅटोच्या मळ्यावर पळायचा. माझं तोंड चुकवायला, दुसरं काय. मग हळूहळू ओसरलं.

आठव्या महिन्यात डोकं पुन्हा धरलं. पाय सुजले, बोटातली अंगठी निघेना, चेहरा भरला. मा पू म्हणाली, "गाल बघा हिचे, मुलगीच होणार." त्या महिन्यात सयामा कसल्याशा शिक्षणाला गेली होती, त्यामुळे मला कोणी तपासलंच नव्हतं. आणि डोकेदुखीचं कारण तर आम्हा सगळ्यांना ठाऊकच होतं.

"दिवसभर तंबाखूच्या वासात बसतेस," आई म्हणाली. "डोकं मागतंय ते. दे त्याला दोन झुरके. सयामाला सांगायला कोण जातंय?"

तिनं चिंच जास्त घातलेला एक सौम्य चिरूट निवडला, पेटवला आणि माझ्या हातात दिला. मी ओढला. इतक्या महिन्यांनी तो धूर आत गेला आणि मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. आई हातातलं पान तसंच धरून माझ्याकडे बघत होती.

"थांबलं?"

"नाही."

"जरासुद्धा नाही?"

"उलट वाढलंय. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

आईनं माझ्या हातातला चिरूट ओढून घेतला आणि फळ्यांच्या फटीतून खाली पाण्यात टाकला. जळता चिरूट टाकून देताना मी तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"दहाव्या वर्षापासून ओढतेय मी," ती म्हणाली. "तंबाखूची डोकेदुखी झुरक्यासरशी पळते. ही तंबाखूची नाही. को ल्विनला हाक मारा, होडी काढा."

"अगं, पोटुशीचं डोकं दुखतंच," मा पू म्हणाली. "आमची नाही का दुखली?"

"तुमची दुखू देत. हिचं मी बघते."

भर दुपारी इंजिनाची होडी निघाली. पाण्यावर जागोजागी प्रकाश फुटत होता, त्यातला खरा किती आणि माझ्या डोळ्यांतला किती, मला सांगता येईना. आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"झोपू नकोस पोरी. बोल माझ्याशी. शिव्या दे हवं तर."

"कोणाला?"

"मलाच दे. मीच लावली ना तुला ही सवय."

वाटेत सयामाचा दवाखाना लागला. नशीब की ती आदल्याच दिवशी परतली होती. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाबाचा आकडा बघितला, पुन्हा बांधला. मग पिशवी उचलली आणि आमच्याच होडीत येऊन बसली. "सरळ मोठ्या दवाखान्यात," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी पोट उघडून मुलगी काढली. इवलीशी, टोमॅटोच्या पाटीपेक्षा हलकी, पण रडली. आम्ही दोघी वाचलो. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, मग दोघीही हाती लागल्या नसत्या.

आई त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "साहेब, हिला लहानपणी मी ओढायला शिकवलं. त्यानंच झालं का हे?"

"दिवस राहण्याआधी इतकी वर्षं ओढलंय, त्याचा वाटा असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "नसेलही. कधीच न ओढणाऱ्या बायकांनाही हे होतं. खात्रीनं कोणी सांगू शकत नाही."

आईनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. मी खाटेवर पडल्या पडल्या तिचा चेहरा बघत होते.

तिनं त्या दिवसापासून चिरूट तोंडाला लावला नाही. वळत राहिली, पोटाला तेच होतं, पण तिच्या जुड्या आता मा पू पेटवायची. आमच्याकडे लेकराच्या गालाला नाक लावून खोल श्वास घ्यायचा, हेच आमचं पापी घेणं. माझ्या लेकीला, सू म्याला, सगळ्या गावानं तसं जवळ घेतलं, आईनं कधी नाही. लिंबानं कोपरापर्यंत हात धुऊन तिला उचलायची आणि तोंड दुसरीकडे वळवायची. मी कितीदा सांगितलं, "तुझा काही दोष नाही, तूच तर मला वाचवलंस." ती म्हणायची, "हो, हो," आणि पानं मोजायला घ्यायची. राग यायचा मला. शेवटी फुफ्फुसांनीच नेलं तिला, तंबाखूनं आपला हिशेब सोडला नाही.

गेल्या वर्षी सू म्याला सातवा महिना होता. ती टाउंजीत शाळेत शिकवते. चिरूट सोडाच, ओढणाऱ्याच्या शेजारी बसत नाही. आजीनं तिला शेडची पायरी कधी चढू दिली नव्हती. तपासणीत तिचा रक्तदाब वाढलेला निघाला. मी धावत पोचले तोवर गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि बाईसाहेब खाटेवर बसून शेंगदाणे खात होत्या. "वेळेवर कळलंय, मला काही होत नाही. तू आधी पाणी पी," तिनं मलाच दटावलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला झालं होतं का?"

"हो. पण मी ओढायचे. हिनं तर कधी हात लावला नाही."

"तरी होतं. आईला झालेलं असलं की मुलीला होऊ शकतं. धुराचा धोका वेगळा, पण सगळं त्याच्यावर ढकलता येत नाही."

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला रडू आवरेना. जावई घाबरून धावत आला. "काय झालं? काय म्हणाल्या?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

"मग रडताय कशाला?"

त्याला काय सांगणार? आई जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते मला तिला सांगायचं होतं.